दोन बोटं सैल

रविवार, ८ जून

चिरंजीव काडीस,

आईचे पुष्कळ आशीर्वाद. आम्ही इकडे आहोत तसे आहोत. तू बरा असशील असं मी धरून चालते, कारण तू काही कळवत नाहीस. फोन करायचा तर या दोन खोल्यांत भिंतींनासुद्धा ऐकू जातं, आणि तू 'हो, हो, ठेवतो' म्हणून ठेवतोस. म्हणून पत्र. माझी शाळा चौथीपर्यंत, अक्षर म्हणजे कोंबडीने उकरल्यासारखं. लागलं नाही तर पुढचं वाच, मागचं आपोआप लागेल.

पहिली बातमी, गुंडीला दात आला! खालचा, डावीकडचा. तू आपल्या पुतणीला अजून बघितलं नाहीस. दहा महिन्यांची झाली. झाली तेव्हा एवढीशी होती आणि डोळे शर्टाच्या बटणासारखे गोल, म्हणून मी गुंडी म्हटलं, तेच चिकटलं. काल माझ्या बोटाला चावली. मी मुद्दाम ओरडले तर अशी हसली की काय सांगू! मग मी आणखी चार वेळा ओरडले. शेवटी सूनबाई आतून म्हणाली, "अहो आई, शेजारचे पोलीस बोलावतील."

दुसरी बातमी म्हणजे दादाचं पोट. हल्ली घरात दुसरा विषयच नाही. तुझ्या दादाला पोट कमी करायला सांगितलंय डॉक्टरीणबाईंनी. बस चालवून चालवून ते काय झालंय, तुला कल्पना नाही. डेपोतले लोक म्हणतात, दादा रजेवर असला की स्टिअरिंगला श्वास घेता येतो. पहिल्या दिवशी मी माझी कारखान्यातली टेप काढली. सव्वीस वर्षं गणवेशाच्या पँटींना कंबरपट्टी लावली मी, माणूस दारातून आत आला की माप डोळ्यांनीच कळतं. मी म्हटलं बेचाळीस असेल. भरलं साडेबेचाळीस. डोळे म्हातारे झाले, दुसरं काय.

फ्रिजवर कागद चिकटवलाय. साखर बंद, तळलेलं बंद, भात मुठीएवढा, अंड्याचं पांढरं खायचं आणि पिवळं टाकायचं. टाकायचं कशाला, मी खाते. आता माझं पोट वाढेल. दादा ड्यूटीवरून दोन स्टॉप आधी उतरतो नि चालत येतो. वर आमच्या इमारतीचे चार मजले आठ वेळा चढतो उतरतो. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर दार उघडून खुर्ची टाकून बसतात. "पाचवी फेरी, ड्रायव्हर! मागची घंटी वाजवू का?" दादा काही बोलत नाही. बोलायला दम लागतो, तेवढा उरतच नाही. घरी येतो, पलंगाच्या कडेला बसतो आणि बूट काढायचेसुद्धा विसरतो. मी काढते. लहानपणी काढायचे तसे.

मान उतरली, गाल आत गेले, मनगटावरचं घड्याळ फिरायला लागलं. पोट मात्र जुन्या भाडेकरूसारखं, हलायचं नाव नाही. तरी काल टेप लावली तर एक्केचाळीस! दीड इंच गेला! सूनबाईने टाळ्या वाजवल्या, गुंडीने तिचं बघून वाजवल्या. दादा किती दिवसांनी हसला.

आता हे सगळं कशासाठी ते लिहायचं राहिलं. राहिलं असं नाही, हात तिकडे जात नव्हता.

गुंडीचं यकृत चांगलं नाही रे. जन्मापासूनच. आम्हाला वाटलं कावीळ आहे, उन्हात धरलं की जाईल. गेली नाही. डोळ्यांचं पांढरं पिवळं आहे आणि पोट ढोलासारखं. हातपाय मात्र काड्या, तुझ्यासारख्या. कुणीतरी आपल्या यकृताचा तुकडा द्यायचा, तो तिच्यात बसवायचा. देणाऱ्याचं पुन्हा वाढतं म्हणे, पालीच्या शेपटीसारखं. सूनबाईचा रक्तगट जुळत नाही. माझं वय झालं. दादाचा जुळला. पण त्याच्या यकृतावर चरबी बसलीय, शंभरात चोवीस. असा तुकडा त्या एवढ्याशा जिवाला चालायचा नाही, दहाच्या खाली आणा म्हणाल्या डॉक्टरीणबाई. त्यांनी सहा आठवडे दिलेत, त्यातले दोन गेले.

तर मी एकाच टेपने दोन पोटं मोजते. एक कमी व्हायला हवं, दुसरं वाढायला नको. इस्पितळातल्या नर्सने मला शिकवलं, आजी, बाळाला टेप अंगाला टेकवून धरायची, सैल नाही सोडायची. मी म्हटलं, बाई गं, मला टेप शिकवतेस! पण शिकले.

माझे पाय ठीक आहेत. इस्पितळातल्या बाकावर बसून बसून तेवढे सुजतात. तू उंच इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करतोस, तेव्हा पट्टा बांधत जा कमरेला. आमची लिफ्ट तीन महिने बंद आहे, पण दादाला बरीच आहे ती तशी.

तुझं वजन किती आहे रे हल्ली? सहज विचारलं.

तुझी,
आई


रविवार, ६ जुलै

चिरंजीव काडीस,

आशीर्वाद. तुझं उत्तर आलं नाही. येईल अशी वाट बघत नव्हते, तरी रोज खाली जाऊन पेटी उघडून बघत होते. पेटीत एका मुंगीने संसार मांडलाय.

गुंडी आता बसते. उशी लावून बसवली की राणीसारखी बसते आणि हुकूम सोडते. "ब" म्हणाली परवा. सूनबाई म्हणते बाबा म्हणाली, मी म्हणते बटण म्हणाली. असं आमचं चालू आहे. ते पोर हसलं ना, की माझी कंबर, गुडघे, सगळं पाच मिनिटं सुट्टीवर जातं.

सहा आठवडे संपले. तपासणी झाली. शंभरात एकवीस.

चोवीसचे एकवीस. डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. म्हणाल्या, "तुम्ही जेवढं सांगता तेवढं चालत असाल, तर हे असं यायला नको. काहीतरी पोटात जातंय."

घरी आल्यावर भांडण. सूनबाई कधी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढला. "गाडीवर खाता तुम्ही! शेवटच्या स्टॉपवर ती टपरी आहे, मला ठाऊक आहे!"

"नाही खाल्लं."

"मग कुठून येते चरबी? हवेतून?"

"नाही खाल्लं म्हटलं ना." दादा एवढंच म्हणाला, आणि समोरचं ताट बाजूला सारलं, आणि परत बूट घालून जिन्याने खाली गेला. मास्तरांनी त्या दिवशी खुर्ची आत ओढून दार लावून घेतलं. सूनबाई गुंडीला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

मी ओट्यापाशी उभी होते. हातात त्याचंच ताट.

काडी, ते मी करत होते.

आता तुला सांगते. घरात अजून सांगितलेलं नाही. दुपारची वेळ आहे, त्या दोघी निजल्यात, दादा ड्यूटीवर.

पहिले दहा दिवस मी काही केलं नाही. शपथेवर. मग एकदा तो जेवून उठला आणि मी बघितलं, तो बोटाने ताट पुसून बोट चाटत होता. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या. उकडलेल्या भाजीत काय असतं रे चाटण्यासारखं? दुसऱ्या दिवशी त्याच्या भाजीच्या तळाशी मी चमचाभर लोणी ठेवलं. म्हटलं, चालून जिरेल. मग रोज ठेवलं. मग चमचा मोठा झाला. रविवारी दोन. सूनबाई गुंडीच्या औषधाच्या पाठी असते, वाढणारी मीच.

आणि त्या दीड इंचाचं ऐक. आमच्या कारखान्यातले मास्तर पहिल्या दिवशी शिकवायचे, कंबर मोजताना टेपच्या आत दोन बोटं ठेवायची, माणसाला बसून जेवायचं असतं. सव्वीस वर्षांची सवय. दादाचं पहिलं माप मी तसंच घेतलं, बोटं आत ठेवून. मग नर्सने बाळासाठी शिकवलं ना, टेकवून धरा, तर गुंडीला मोजून त्याच हाताने दादाला मोजलं. बोटं बाहेर. दीड इंच गेला तो माझ्या बोटांचा होता, त्याच्या पोटाचा नव्हता. हे मला तीन दिवसांनी लक्षात आलं, भांडी घासताना. पण तो हसला होता, टाळ्या वाजल्या होत्या. मी म्हटलं, खरंखुरं उतरेल तेव्हा भरून निघेल. आणि वर लोणी घालत राहिले. बघ माझी अक्कल.

तुला वाटेल आईला वेड लागलं. लागलं असेल. पण तुला एक माहीत नाही. तू चार वर्षांचा असशील, दादा नऊ-दहाचा. कारखाना बंद पडला होता काही महिने. मी पाव आणायची एक, त्याचे तुम्हा दोघांना अर्धे अर्धे. दादा रोज म्हणायचा, मी मित्राकडे खाल्लं, काडीला दे. तू अख्खा खायचास आणि तरी काडीच राहायचास, आम्ही हसायचो. नंतर एकदा त्या मित्राची आई मला रस्त्यात भेटली. म्हणाली, तुमचा मोठा किती दिवसांत फिरकला नाही आमच्याकडे. मला त्याचं तोंड बघवेना. त्यालाही मी कधी बोलले नाही की मला कळलंय. ते पोर तेव्हा ताट पुसून असंच बोट चाटायचं. रिकामं ताट.

तर मला वाटलं, आता तरी याला उपाशी ठेवायचं नाही. आणि त्या नादात दुसरीला उपाशी ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी आणखी तीन आठवडे दिलेत. पण त्या देताना माझ्याकडे बघत नव्हत्या. गुंडीच्या पोटात पाणी साठायला लागलंय. टेप मीच लावते, मला त्यांनी सांगायला नको.

अजून एक आहे. लिहू की नको करत दोनदा पेन ठेवलं.

पहिल्या दिवशी, दादाच्या यकृताचं कळलं तेव्हा, त्या बाईंनी विचारलं होतं, "घरात आणखी कोणी? तुम्हाला भाऊ-बहीण?" दादा म्हणाला, "नाही."

मी शेजारीच बसले होते. तुझा रक्तगट मला ठाऊक आहे, तुम्हा दोघांचा एकच. मीही गप्प बसले. तो का नाही म्हणाला ते तू जाणतोस. वडील गेले तेव्हा तू दोन दिवसांनी पोचलास, आणि तो दारातच म्हणाला, पाहुण्यासारखा आलास तर पाहुण्यासारखा जा. तू गेलास. चार वर्षं झाली. त्याने तसं बोलायला नको होतं. तूही लगेच पिशवी उचलायला नको होतीस. मी तेव्हाही मध्ये उभी होते आणि गप्पच होते. मला वाटतं मला गप्प बसायचं बक्षीस मिळेल एक दिवस.

पण मी का गप्प बसले ते मला माझंच कळत नाही. तू नाही म्हणशील म्हणून की हो म्हणशील म्हणून.

मी काही मागत नाहीये. थकले आहे, म्हणून लिहिलं.

तुझी,
आई


बुधवार, १६ जुलै

चिरंजीव काडीस,

आशीर्वाद. मागचं पत्र पोचायच्या आत हे निघतंय बहुतेक. दोन्ही एकदम आली तर तारीख बघून वाच, नाहीतर घोटाळा होईल.

गुंडी इस्पितळात आहे. पाणी काढलं पोटातलं. सुई टोचताना रडली नाही, माझ्या टेपचं टोक तोंडात धरून चघळत होती. आता एक दात आणि दुसऱ्याची पांढरी रेघ दिसते. नर्स म्हणते, आजी, टेप घाणेरडी आहे. मी म्हटलं, बाई, या टेपने अर्ध्या गावाच्या पँटी झाल्यात, हिला काय होतंय. पण धुऊन आणली.

मी घरात सांगितलं. मागचं पत्र आठवडाभर उशीखाली राहिलं, या रविवारी टपालपेटीत टाकलं आणि वर येऊन जेवायच्या आधीच सांगून टाकलं, नाहीतर परत गिळलं असतं. लोण्याचंही आणि बोटांचंही. सूनबाई उठली, फ्रिजमधून लोण्याचा डबा काढला, खाली जाऊन टाकून आली. चार मजले. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी म्हटलं, आता हिने मला स्वयंपाकघरातून काढलं. बरोबरच आहे. तिसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोर ताट ठेवलं आणि म्हणाली, "वाढा तुम्हीच. तुमच्या हातचं नसलं की ते जेवतच नाहीत नीट. पण माझ्यासमोर वाढा." मला रडू आलं, तशी म्हणाली, "रडू नका, भाजीत मीठ जास्त होईल. मीठही कमीच सांगितलंय." बघ कशी आहे! माझ्या पोटची असती तर एवढं ऐकून घेतलं नसतं तिने.

आणि दादा. मी सांगितलं त्याच संध्याकाळी तो म्हणाला, "आई, चल खाली, चालायला." मी म्हटलं, माझे गुडघे? म्हणाला, हळू चालू. डेपोच्या भिंतीकडेने गेलो, जिथे बसेस धुतात तिथपर्यंत. तो मध्येच थांबला. म्हणाला, "मला कळत होतं."

"काय?"

"लोणी. उकडलेल्या भाजीला लोण्याची चव येते आणि मला कळणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीस मेल्या!"

तो बसेसकडे बघत होता. पाण्याची नळी कुणीतरी तशीच सोडलेली. म्हणाला, "भीती वाटत होती मला. टेबलावर झोपायची. पोटभर कापतात, आई. मला वाटायचं चरबी उतरली की तारीख देतील. नाही उतरली की आणखी थोडे दिवस. मी रोज जिने चढायचो आणि रोज ते खायचो. दोन्ही मीच करत होतो."

माझा हात त्याच्या पाठीवर गेला. पाठ भिजलेली होती घामाने. आम्ही दोघं तिथे उभे, एक खाऊ घालणारी आणि एक खाणारा, आणि तिकडे ते पोर. मी आयुष्यात एवढी दमले नव्हते, कारखान्यात दोन पाळ्या एकदम केल्या तेव्हाही नाही.

परत येताना जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर, मी पुन्हा तोंड उघडलं. म्हटलं एकदा सुटलंच आहे तर होऊ दे. म्हणाले, "मला त्या पावाचं माहीत होतं."

"कुठल्या पावाचं?"

"मित्राकडे खाल्लं म्हणायचास त्या."

तो कठड्याला धरून थांबला. वरून मास्तर ओरडले, "ड्रायव्हर, गाडी का थांबली?" दादा वर बघून म्हणाला, "सवारी उतरतेय, मास्तर." मग मला हळूच म्हणाला, "काडीला माहीत आहे?" मी म्हटलं, नाही. म्हणजे आता पत्रातून कळेल. तो म्हणाला, "कशाला लिहिलंस? तो लहान होता." एवढंच.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात डॉक्टरीणबाई आल्या, तर तो उठून उभा राहिला, शाळेतल्या पोरासारखा. म्हणाला, "मॅडम, मी खोटं बोललो. मला भाऊ आहे. धाकटा आहे. बारीक आहे."

मला वाटलं ओरडतील. त्या नुसतं म्हणाल्या, "येऊ शकेल का तो? आठवडाभरात तपासण्या करायला हव्यात. तुम्ही तुमचं चालू ठेवा. दोघांपैकी जो आधी योग्य ठरेल तो. बाळाला फार वेळ नाही."

तर हे असं आहे. आता सगळं लिहिलं, मागे काही ठेवलं नाही. फोनवर एवढं मावलं नसतं, म्हणून हे स्पीड पोस्टाने टाकतेय.

दादाने मला सांगितलंय काय लिहायचं ते. म्हणाला, लिही की मी बोलावलंय. लिही की दारात बोललो ते चुकलो. लिही की नाही म्हणाला तरी त्याच्यावर राग नाही, कापून घ्यायची भीती काय असते ते मला चांगलं माहीत आहे. आणि मग म्हणाला, लिही, तपासणीला नाही तरी तिला बघायला ये. तिला काका असतो हे कळू दे.

मी मात्र माझं लिहिते. मी तुझी आई आहे, तुझ्या पोटावर सुरी चालवा असं मला म्हणवत नाही. तिची आजी आहे, गप्पही बसवत नाही. दोन्हीकडून मीच आहे, तेव्हा तू माझ्याकडे बघून ठरवू नकोस. नाही म्हणालास तरी तुझ्या नावाचा आशीर्वाद तेवढाच राहील, टेपने मोजून घे. हो म्हणालास तर मी दोन दारांच्या मध्ये बाक टाकून बसेन, एका दारात तू, एका दारात ती. बसायची मला सवय झालीय.

दादा आजही आठ फेऱ्या चढला. सकाळी मी माप घेतलं, बोटं बाहेर ठेवून, सूनबाईसमोर. एक्केचाळीसचे साडेचाळीस. हा अर्धा इंच खरा आहे.

तुझं माप माझ्याकडे चार वर्षांपूर्वीचं आहे, अठ्ठावीस. ते दोन बोटं आत ठेवून घेतलेलं आहे. अजून तेवढाच असशील तर बरं. बसस्टँडवरून येताना घाई करू नकोस, रस्ता खोदलाय, आणि लिफ्ट बंद आहे, तू आल्यावर बघ जमली तर.

मागच्या वेळी तू दोन दिवस उशिरा पोचलास. त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही, आणि आत्ताही बोलत नाही. एवढंच लिहिते, की गुंडी उद्या सकाळी उठेल तेव्हा मी तिला सांगणार आहे, काकाला पत्र टाकलंय.

तुम्हा दोघांची,
आई